रोज संध्याकाळी शॉर्टवेव्हवर खरखर? आधी तिचं वेळापत्रक मांडा

तक्रार सगळीकडून सारखीच येते. पहाटे रेडिओ छान चालतो, दुपारीही बरा असतो. पण दिवेलागण झाली की ४९, ४१ आणि ३१ मीटर बँडवर एकसारखी घरघर सुरू होते आणि स्टेशन तिच्याखाली गाडलं जातं. तेही नेमकं ऐकण्याच्या वेळेला. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा, म्हणजे आकाशातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, सगळ्यात खालचा 'डी' थर विरतो. दिवसभर त्यात जिरून जाणाऱ्या ६-७ मेगाहर्ट्झच्या (४९ आणि ४१ मीटरच्या) लहरी मग वरच्या 'एफ' थरापर्यंत पोचतात, तिथून परततात आणि हजारो किलोमीटरवरची स्टेशनं आपल्या ओट्यावर येतात. ती यायला आणि गावातले दिवे लागायला एकच गाठ पडते.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, लांब तार लावा. दोन, नवा सेट घ्या. लांब तार स्टेशन जास्त ओढते तशी खरखरही जास्तच ओढते. नवा टेकसन किंवा एक्सएचडेटा घेतलात, तर आहे तीच खरखर अधिक स्वच्छ ऐकू येईल. पैसे खर्च करायचेच असतील तर शेवटी करा.

आपल्या मराठवाड्यातल्या गावांत खरखरीला वेळ असते. गावठाणच्या लाईनची वेळ वेगळी, शेतीच्या थ्री फेजची वेगळी, आणि तीही वारानुसार कधी दिवसा, कधी रात्री. सौर पंप उन्हाच्या हिशेबाने चालतो, कुंपणाचं झटका मशीन अंधाराच्या. शहरातल्या माणसाला चोवीस तास सगळंच चालू असल्यामुळे चोर सापडत नाही. लोडशेडिंगने निदान एवढी तरी सोय आपल्याला करून दिली आहे. एक वही घ्या. रोज खरखर कधी आली, कधी गेली, आवाज कसा होता, कोणत्या बँडवर जास्त होता, गावठाणची लाईट होती का, शेतीची होती का, हवा कोरडी होती की दमट, एवढं आठवडाभर लिहा. शेतीच्या लाईनचे वार दिवसाचे आणि रात्रीचे असे दोन्ही त्यात यायला हवेत. निम्मं निदान त्या वहीतच होतं.

घरातला चोर

आधी रेडिओ सेलवर किंवा त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा. अडॅप्टर नुसता बंद करून भागत नाही, तो बोर्डातून काढा. पॉवर बँकही नको, तिच्यात व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं आणि ते स्वतःच गुरगुरतं. मग बाहेरची तार सेटमधून काढा. तार काढूनही आवाज तसाच राहिला तर खोट सेटमध्ये किंवा अगदी हाताच्या अंतरावर आहे. तार काढताच आवाज पडला तर तो बाहेरून येतोय.

आता खरखर जोरात असताना घरचं मेन स्विच पाडा. इथे बरेच जण फसतात, कारण मेन पाडलं तरी इन्व्हर्टर चालूच असतो. दिवे तसेच, पंखा तसाच, खरखरही तशीच. मग निष्कर्ष निघतो की आवाज बाहेरचाच आहे. इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा आणि त्याची बॅटरीवरची चार्जिंगही थांबली आहे ना ते बघा. स्वस्त चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर तर लाईट गेल्यावर जास्त आवाज करतो. 'लाईट गेली तरी खरखर जात नाही' अशी तक्रार असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावरच जातो.

घर पूर्ण मेल्यावर आवाज गेला असेल तर एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येक वेळी कान द्या. बहुतेकदा सापडतात ती पुढची मंडळी.

एलईडी बल्ब. चाळीस-पन्नास रुपयांच्या बल्बमध्ये खर्च वाचवायला पहिली काट मारलेली असते ती फिल्टरवर. आवाज रुंद, भरडा आणि सगळ्या बँडवर पसरलेला. कंपनीवरून काही ठरत नाही. एकाच कंपनीच्या दोन बल्बांत एक गप्प असतो आणि दुसरा वैताग आणतो. दुकानात बल्ब तपासून घेतातच, तेव्हा खिशातला रेडिओ शेजारी धरायला हरकत नाही. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

मोबाईलचे चार्जर, सेटटॉप बॉक्स, वायफायच्या डब्याचा अडॅप्टर. यांचा आवाज सगळीकडे सारखा नसतो. डायल फिरवताना ठराविक अंतराने, समजा दर साठ-सत्तर किलोहर्ट्झवर, एक गुरगुरता उंचवटा येतो, पुन्हा शांतता, पुन्हा उंचवटा. अडॅप्टर गरम होत जातो तसा तो उंचवटा हळूहळू सरकतोही. अशी लय ऐकू आली तर ते स्विचिंग सप्लायचंच काम. टीव्ही रिमोटने बंद केला म्हणजे त्याचा सप्लाय बंद झाला असं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा मधल्या वेगावर असताना चर्रर्र आवाज आणि पूर्ण वेगावर केला की कमी, असं झालं तर चोर हाच. टप्प्याटप्प्याने टकटक फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या, प्रश्न संपतो.

एखादी वस्तू बदलता येत नसेल तर फेराइट. जुन्या मॉनिटरच्या किंवा लॅपटॉपच्या वायरवर जो काळा जाड गोळा असतो तो फेराइटच. भंगारवाल्याकडे ढिगाने मिळतो. वायर त्यातून एकदा नेऊन शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडवर फारसा फरक पडत नाही. मोठी रिंग मिळवून तिच्यातून वायरचे आठ-दहा वेढे काढलेत तर फरक कानाला कळतो. वेढे आवाज करणाऱ्या वस्तूच्या अगदी जवळ हवेत, रेडिओजवळ नव्हे.

गावठाणात

घर मेलेलं असताना आवाज तसाच राहिला, पण पूर्ण गावाची लाईट गेली की मात्र क्षणात शांत झाला, तर चोर विजेच्या तारांवर किंवा शेजाऱ्याच्या घरात आहे. दिवेलागणीला रोज सुरू होऊन पहाटे बंद होणारी घरघर बहुधा खांबावरच्या एलईडी दिव्याची असते. वेळ न पाळणारा, करकरीत, जणू तेलात काही तळतंय असा आवाज ठिणगीचा असतो. पन्नास हर्ट्झच्या विजेत प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एकदा अशी ती सेकंदाला शंभरदा उडते, म्हणून त्यात एक जाड गुणगुण असते. सैल जंपर (खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा), ढिला नट, तडकलेला पिन इन्सुलेटर, डीपीचे जळके फ्यूज, आणि हो, आकडे. तारेवर नुसता अडकवलेला आकडा वाऱ्याने हलतो आणि हलताना ठिणग्या पाडतो. हा विषय गावात जपून काढावा. रेडिओच्या छंदापायी वैर घेण्यात अर्थ नाही.

हवामान इथे कामाला येतं. सैल जोडातली ठिणगी कोरड्या हवेत, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, जोरात असते आणि चांगला पाऊस पडला की काही काळ बंद होते. उलट इन्सुलेटरवर धूळ साचली असेल तर ती कोरडी असेपर्यंत गप्प राहते आणि दवाने किंवा धुईने ओली झाली की हिवाळ्यातल्या पहाटे आवाज करते. वहीत हवेचा रकाना ठेवायला सांगितलं ते यासाठी. परळीच्या थर्मल वीजकेंद्राकडून निघणाऱ्या टॉवर लाईनींच्या जवळ राहणाऱ्यांना दमट हवेतला सुसकारा ओळखीचा असेल. त्यावर घरगुती इलाज नाही. लाईनपासून दूर जाणं एवढंच.

नेमका खांब शोधायला मीडियम वेव्ह असलेला छोटा रेडिओ पुरतो. त्याच्या आत आडवी फेराइट सळई असते. स्टेशन नसलेल्या जागी लावून सेट जमिनीला समांतर ठेवत सावकाश फिरवा. सळईचं टोक आवाजाच्या दिशेला आलं की आवाज सगळ्यात कमी होतो. ती दिशा जमिनीवर रेघ मारून ठेवा, दुसरीकडे जाऊन पुन्हा तेच करा. दोन रेघा जिथे मिळतात तिथे चोर. मीडियम वेव्हवरचा आवाज तारेतून लांबवर पसरतो, त्यामुळे जवळ गेल्यावर शॉर्टवेव्हच्या वरच्या बँडवर, शक्यतो १५ मेगाहर्ट्झच्या पुढे, पुन्हा ऐका. तिथला आवाज फार दूर जात नाही, म्हणून तो जिथे सगळ्यात मोठा तोच खांब.

पुढचं काम वायरमनचं. खांबाला दगड मारून आवाज बदलतो का बघणं, काठीने ताण हलवणं, डीपीचं दार उघडणं, यातलं काहीही करू नका. वायरमनला 'रेडिओत खरखर येते' सांगून उपयोग नाही. 'अमुक खांबावर रात्री ठिणगी पडते, जंपर ढिला वाटतो' असं सांगा. कडब्याच्या गंजीला आग लागायची भीती त्यालाही कळते.

शेतात

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, रेडिओ घेऊन गेलं की शांतता मिळते, हे काही वर्षांपूर्वीपर्यंत खरं होतं. आता सौर पंप आलेत. त्यांच्या कंट्रोलरमध्ये पॅनलच्या डीसी विजेची तुकड्या-तुकड्यांनी एसी बनवतात आणि तिथून निघणारा आवाज पॅनल ते पेटी आणि पेटी ते बोअर अशा दोन्ही वायरींवरून शेतभर पसरतो. ओळख सोपी आहे. सकाळी ऊन चढताना शिट्टीसारखा सूर वर वर जातो, ढग आला की खाली येतो, सूर्य उतरला की बंद. संध्याकाळची तक्रार याची नसतेच. ज्यांना १९ आणि १६ मीटरवर दुपारी ऐकायचं असतं त्यांना हा त्रास. पंप स्वतःचा असेल तर पॅनलच्या दोन्ही वायरी मोकळ्या लोंबकळू न देता एकमेकींना पीळ घालून न्या, पेटीचं अर्थिंग नीट करून घ्या. हमीच्या मुदतीत पेटी उघडू नका. पंप शेजाऱ्याचा असेल तर दुपारी गावात ऐका.

रात्रीचं दुखणं वेगळं. सेकंदाला एक अशी एकसारखी टक्, टक्, टक्, सगळ्या बँडवर, आणि लाईट असो नसो तिला फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला घड्याळाची आठवण होते, कुणाला वाटतं वेळ सांगणारं स्टेशन लागलंय. ते झटका मशीन आहे. रानडुकरं आणि रोही यांच्यापायी भुईमूग, मका, हरभरा राखायला कुंपणाच्या तारेत बॅटरीवरून झटके सोडतात. एकरभर रानाभोवतीची ती तार म्हणजे तयार प्रक्षेपक अँटेनाच.

हे बंद करा म्हणून सांगायला जाऊ नका. बांधावरच्या मामांना मी विचारलं होतं, "मामा, दोन मिनिटं बंद करता का, एवढं तपासून घेतो." उत्तर आलं, "दोन मिनिटांत डुकरं निम्मं रान उखडतेत की. तुझा रेडिओ काय पीक देतोय का?" बरोबर होतं त्यांचं.

मार्ग दुसरा आहे. चांगल्या स्थितीतल्या कुंपणाची टक बारीक असते. ती कडाडते कारण तार कुठेतरी गवताला टेकलेली असते, एखादा इन्सुलेटर फुटलेला असतो किंवा जोड नुसता पिळून ठेवलेला असतो, आणि तिथे दर झटक्याला ठिणगी उडते. रात्री दिवा बंद करून कुंपणाच्या कडेने चाललं तर निळसर ठिणगी दिसते, चटका ऐकू येतो. तार टेकली की झटका जमिनीत जातो आणि जनावराला कमी बसतो. त्यामुळे 'मामा, तुमची तार तिकडच्या कोपऱ्यात गवताला लागलीय, झटका वाया चाललाय' असं सांगितलं की मामा स्वतः विळा घेऊन निघतात. मशीन बंद करून गवत कापायचं, जोड घट्ट करायचे. टक पूर्ण जात नाही, पण तिच्या मधल्या फटीत बोलणं समजतं, आणि भाषण ऐकायला तेवढं पुरतं. सेटमध्ये नॉइज ब्लँकर असेल तर तो खास अशा टकटकीसाठीच असतो.

आता तारेचं आणि अर्थिंगचं

एवढं सगळं करून उरलेल्या खरखरीसाठी अँटेना. पत्र्याच्या घरात सेटची दांडी कितीही ताणली तरी सिग्नल पत्र्यात अडतो आणि आत उरते ती घरातल्या वायरिंगची घरघर. म्हणून अँटेना बाहेर, घरापासून जमेल तितकी दूर. दहा-बारा मीटर तार लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या झाडाला बांधा; विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा त्या तुटल्या तर पडतील अशा टप्प्यात मात्र कधीही नाही. तिथून घरापर्यंत उघडी तार आणू नका. डिशची जुनी कोॲक्सियल केबल घ्या, पडून असते घरोघरी. तार आणि केबल यांच्यामध्ये फेराइट रिंगवर दोन वेगवेगळी वेटोळी: तारेच्या बाजूला नऊ वेढे, केबलच्या बाजूला तीन, दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नाही. तारेच्या वेटोळ्याचं एक टोक अँटेनाला, दुसरं अर्थला. केबलच्या वेटोळ्याचं एक टोक आतल्या तारेला, दुसरं तिच्या जाळीला. यामुळे घरातली घाण केबलच्या जाळीवरून चढून अँटेनापर्यंत पोचत नाही.

अर्थ घरच्या वायरिंगचा घेऊ नका. त्याच्यावर सगळ्या घराचा कचरा आधीच असतो. तारेखाली वेगळी सळई ठोका. इथे आपल्या काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. पावसाळ्यात ती सळईला घट्ट धरते, अर्थिंग उत्तम. एप्रिलमध्ये तीच माती हातभर भेगा पाडून आकसते, सळईभोवती मोकळी फट राहते, आणि लोक सेट दुरुस्तीला टाकतात. दर उन्हाळ्यात खरखर वाढते आणि जूनमध्ये आपोआप बरी होते, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी आधी सळईच्या बुडाला दोन बादल्या पाणी ओतून बघावं. कोळसा-मीठ घालून खड्डा केला तर जास्त टिकतं. बालाघाट डोंगराच्या मुरमाड जमिनीत सळई जातच नाही. तिथे दोन-चार उघड्या तारा जमिनीलगत पसरवून ठेवा, किंवा अर्थच नको असलेली गोल लूप अँटेना वापरा. मीटरभर व्यासाची लूप फिरवून जवळच्या एका आवाजाला बऱ्यापैकी टाळता येतं, मात्र एकाच.

छोट्या सेटला फार लांब तार जोडली की आणखी एक गंमत होते. रात्री ४१ मीटरवर एका स्टेशनात दुसरं मिसळतं, मधल्या जागीही कुजबुज येते. ही खरखर नाही, सेट गुदमरलाय. सेटचं बटण 'लोकल'वर टाका. स्टेशन थोडं कमी आणि घाण खूप कमी झाली तर हेच कारण. परभणीत १३०५ किलोहर्ट्झच्या आकाशवाणी प्रक्षेपकाजवळ राहणाऱ्यांना तर शॉर्टवेव्हवर भलत्या जागी आपलीच परभणी ऐकू येऊ शकते. तार अर्धी करा.

वळवाच्या दिवसांत, ढग दिसले की, तार सेटमधून काढून घराबाहेर टाका. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर. गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. रेडिओवरचे तडतड कडाके त्याच्या कितीतरी आधी यायला लागतात.

खरखर गेली, स्टेशन तरी नाही

१० मेगाहर्ट्झवर लावा. चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर असतं. संध्याकाळी ५ किंवा १० वर त्याचे सेकंदाचे ठोके आले तर तुमचा सेट, तार आणि आकाश तिन्ही ठीक आहेत. (झटका मशीनची टक सगळ्या बँडवर असते, याचे ठोके फक्त त्या जागी.) दिवसा अचानक सगळा बँड तासभर मेल्यासारखा झाला तर सौरज्वालेने 'डी' थर दाट केलेला असू शकतो, तार तपासत बसू नका. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर स्टेशनाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार लांब नाही, तिथल्या आयनोस्फिअरमध्ये संध्याकाळी जी खळबळ होते तिचा तो परिणाम. मध्यरात्रीनंतर तो बहुधा निवळतो.

काही स्टेशनं मात्र परत यायची नाहीत. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली, रेडिओ ऑस्ट्रेलियाची ३१ जानेवारी २०१७ ला. डायलवर पेनाने केलेल्या जुन्या खुणांवर शांतता असेल तर खोट कुणाचीच नाही. आणि चालू असलेलं स्टेशन एका रविवारी एकाएकी गायब झालं तर कॅलेंडर बघा: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची शॉर्टवेव्ह स्टेशनं हंगामी वेळा आणि फ्रिक्वेन्सी बदलतात. नवी यादी उतरवून घ्या, बहुतेकदा ते आसपासच्याच बँडवर सापडतं.